आईच्या पायावरची शपथ

माझी सिगारेट सोडवली ती आमच्या खोल्यांच्या मालकिणीनं. डॉक्टरनं नाही, ठेकेदारानं नाही, पाकिटावरच्या त्या सडक्या तोंडाच्या फोटोनं तर नाहीच नाही. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. विचारलं तर ती म्हणेल, "माझा नाव कनाला? मी काय केला?" आणि खरंच तिला वाटतं की तिनं काही केलं नाही.

भिवंडीजवळ वडप्याला हायवेच्या मागच्या अंगाला तिचं घर आहे. घरामागं एका ओळीत बांधलेल्या पत्र्याच्या खोल्या, आणि त्या खोल्यांत आम्ही, गोदामात कामाला आलेली पोरं. आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो. ती इथलीच, आगरी. गळ्यात सोनं, पायात रबरी चप्पल, आणि हाक अशी की हायवेवरच्या कंटेनरनं ब्रेक मारावा. तिच्या बोलण्यात 'ड'चा 'र' होतो नि 'ळ'चा 'ल'. सुरुवातीला मला तिचं निम्मं कळायचं नाही. भीती वाटायची ती वेगळीच. भाडं उशिरा झालं तर काढून टाकेल का, नळाला जास्त पाणी घेतलं तर बोलेल का. मला तशी कशाचीही भीती वाटते. लहानपणापासून आहे ते.

मी नांदेडच्या पुढचा, तेलंगणाच्या हद्दीजवळच्या गावचा. वडील मी लहान असतानाच वारले. आई गावातल्या शाळेत खिचडी शिजवते. तिच्या हातचं खाऊन सगळ्या गावाची पोरं शिकतात, आणि तिचा एकुलता एक मात्र दहावीला बसायच्या आधीच दप्तर खुंटीला अडकवून निघाला. गावातला एक जण भिवंडीत गोदामाला होता, त्याच्या मागं मी आलो. तो दोन महिन्यांत पुण्याकडं गेला. मी राहिलो.

गोदामाचं काम कठीण नाही. पट्ट्यावरून खोकी येतात, स्कॅनर मारायचा, आवाज आला की खोकं ज्या गावचं त्या गावच्या पिंजऱ्यात टाकायचं. दिवसभर कानात तो टीं टीं आवाज. बोलायला तोंड उघडावं लागत नाही. पहिले कित्येक दिवस मी सकाळी कामावर चढायचो ते संध्याकाळी उतरेपर्यंत एक शब्द बोललेलो नसायचो. खोलीवर येऊन स्वतःशीच काहीतरी म्हणून बघायचो, आवाज आहे ना म्हणून.

बोललो असतो, पण माझ्या हिंदीला सगळे हसायचे. आमच्या हद्दीवरची हिंदी वेगळी. आम्ही 'हो'ला 'हौ' म्हणतो, 'नको'ला 'नक्को'. युपी-बिहारकडच्या पोरांना ती म्हणजे करमणूक.

"अबे, फिर से बोल, क्या बोला?"

"हौ."

"हौ! सुना? कुत्ता भौंका क्या?"

माझं नावच 'हौ' पडलं. वाईट पोरं नव्हती ती. पण हसून झालं की ती आपल्या बोलण्यात जायची, आणि मी परत पट्ट्याकडं.

आता सिगारेट कशी आली ते सांगतो. आमच्या गोदामात सगळा पुठ्ठा आणि प्लास्टिक, त्यामुळं आत काडीपेटी चालत नाही. गेटवर झडती होते. लायटर, काडीपेटी जे असेल ते वॉचमनकडच्या एका प्लास्टिकच्या बरणीत जमा करायचं. मधल्या वेळेला सुपरवायझर ओरडायचा, "चलो, बिडीवाले!" आणि बिडीवाले बाहेर पडायचे. बरणीतून आपापला लायटर उचलायचे, कंपाउंडच्या भिंतीच्या सावलीत उभे राहायचे. जे ओढत नव्हते त्यांना बंदी नव्हती. पाणी प्या, बसा, काही करा. पण त्यांना हाक नव्हती. 'चलो, पाणीवाले' असं कुणी कधी म्हटलं नाही. आत राहायचं आणि बाहेरचं हसणं ऐकायचं.

एके दिवशी मी त्या हाकेबरोबर उठलो. कुणी विचारलं नाही, का आला. चौघं होते, मी पाचवा. एकच सिगारेट सगळ्यांत फिरत होती. माझ्यापर्यंत आली तेव्हा तिचं टोक ओलं होतं. मी ओढली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकलो. एकानं पाठीवर दणादण थापट्या मारल्या. "आराम से, हौ भाई, आराम से. किधर का है तू?" गेटवरची झडती सोडली तर त्या गावात मला लागलेला तो पहिला हात. आणि 'किधर का है' हेही कुणी पहिल्यांदाच विचारलं. मी सांगितलं. शाळा, आई, खिचडी, सगळं सांगितलं. पुढच्या वेळेला मी लायटर विकत घेतला, निळा. मला वाटलं, आता माझ्याही नावानं बरणीत काहीतरी आहे.

तेव्हा मला सतरावं लागलेलं होतं.

मग ती शपथ. गोदामाच्या मागं रिकाम्या पुठ्ठ्यांचा ढीग असतो. कुणाचं तरी थोटूक त्यात पडलं नि धूर निघाला. वेळेवर कुणीतरी बादली ओतली, काही जळलं नाही. पण वरून ठेकेदाराला शिव्या बसल्या. ठेकेदार म्हणजे आम्हाला कामावर लावणारा माणूस. बरा होता, पगार अडवत नसे. त्यानं दुसऱ्या दिवशी आम्हा मिसरूड न फुटलेल्यांना बाजूला काढलं.

"मोठ्यांना मी काय सांगणार? त्यांचं झालंय वाटोळं. पण तुम्ही पोरं आहात. तुमच्या आया गावाकडं देव पाण्यात घालून बसल्यात. डोळे मिटा. आईला समोर आणा. आणि एकेकानं शपथ घ्या. आईची शपथ, पुन्हा ओढणार नाही."

माझी पाळी आली. मी डोळे मिटले तर आई खरंच समोर आली, चुलीपुढं, पदरानं कपाळ पुसत. मी म्हटलं, "आईची शपथ."

परत जाताना बाकीचे खिदळत होते.

"तूने माँ की खाई? मैंने तो सौतेली की खाई."

"तेरी सौतेली है कहाँ?"

"नहीं है, इसीलिए तो!"

सगळे हसले. मीही हसलो. पण माझी आई एकच आहे, आणि मी तिचीच घेतली होती.

थोडे दिवस मी पाळली. मधल्या वेळेला बाहेर जायचो, पण ओढायचो नाही, नुसता उभा राहायचो. सिगारेट एकाकडून दुसऱ्याकडं जायची, माझ्यापाशी आली की मला ओलांडून पुढं. कुणी मुद्दाम करत नव्हतं. पण हळूहळू घोळका असा वळला की मी त्याच्या बाहेर. पाठी दिसायला लागल्या. पुढचा जोक काय झाला ते मला ऐकू येईना. एके दिवशी मी हात पुढं केला. कुणी काही बोललं नाही, दिली. दोनच झुरके. घोळका परत उघडला.

त्याच संध्याकाळी गावाहून शेजाऱ्यांचा फोन. शाळेत चुलीवरून पातेलं उतरवताना खिचडी आईच्या पायावर सांडली. पाऊल भाजलं. तालुक्याला नेऊन मलमपट्टी केली. काळजीचं काही नाही.

काळजीचं नाही! आईला साखरेचा आजार आहे. जखम झाली की लवकर भरत नाही. मी खोलीच्या भिंतीला पाठ लावून बसलो आणि हिशोब जुळवला. दुपारी मी ओढली. दुपारीच पातेलं सांडलं. याच्यापुढं मला काही दिसेना.

वाचणाऱ्याला हे येडेपण वाटेल. मलाही आता वाटतं. पण आमच्याकडं ज्याच्या नावानं शपथ घेतली त्याच्यावर ती जाते, हे आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं. शाळेत शिकवलेलं मी विसरलो, हे नाही विसरलो.

आईनं दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन केला. "लेकरा, थोडंसं भाजलंय. तू घोर लावून घेऊ नको. तू बरा हायस ना? जेवतोस ना येळेवर? तिकडं काही नाद-बिद लागला नाही ना बाबा?"

ती दर फोनला हे विचारते. कधी 'नाही' म्हणताना मला काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र वाटलं. खोटं बोललो तर ते आणखी एक तिच्यावर जाईल. खरं बोललो तर... मी फोन कापला. आणि त्यानंतर तिचा फोन उचललाच नाही. स्क्रीनवर 'आई' असं यायचं, थरथरायचं, बंद व्हायचं. मी बघत बसायचो.

सिगारेट सुटली का? उलट वाढली. खोलीवर तिघं सोबती होते, पण त्यांच्या पाळ्या वेगळ्या. मी आलो की ते गेलेले, नाहीतर झोपलेले. एकटा असलो की ते भाजलेलं पाऊल समोर यायचं. म्हणून मी त्या चौघांना धरून राहायला लागलो. मधल्या वेळेला, सुटल्यावर टपरीवर, जिथं ते तिथं मी. तिथं असलं की ओढावी लागायची. प्रत्येक झुरक्याला वाटायचं, आता पाय आणखी चिघळला असेल. आणि ते विसरायला पुढचा झुरका. एकट्यानं मात्र मी एकदाही पेटवली नाही. धीरच होत नव्हता.

सुट्टीचा दिवस होता. दुपारी मी नळावर कपडे धूत होतो. मावशी तिच्या ओटीवर सुपात जवळा, ती बारीक सुकी कोळंबी, निवडत बसली होती.

"ए नांदेर! इकरं ये."

मी ओल्या हातांनी गेलो. मनात भाड्याचा विचार.

"तुझे आयचा फोन आला व्हता. मना."

आईकडं मावशीचा नंबर होता. पहिल्या दिवशी माझा मोबाईल बंद पडला तेव्हा मी मावशीच्याच फोनवरून पोचल्याचं कळवलं होतं.

"तुझे फोनला काय झाला?"

"नेटवर्क नाही, मावशी."

"नेटवर्क न्हाय? मगाशी त सिनेमा बघत व्हतास, मना हितं घरात आयकाला येत व्हता."

मी नळाकडं बघितलं.

"ती काय बोलते ता अर्धा मना समजला न्हाय. तुमची भाषा कवरी वाकरी! पन रडत व्हती, ता समजला."

माझ्या तोंडून एकदम निघालं, "पाय कसा आहे?"

मावशीचा सुपातला हात थांबला. तिनं मान वर केली.

"तुझे आयचा पाय, आनि तू मना इचारतस?"

मग मला धरवलं नाही. तिथंच पायरीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. ठेकेदार, शपथ, दोन झुरके, खिचडी. नाक गळत होतं, साबणाच्या हातानं पुसलं तर डोळे झोंबायला लागले. मला वाटलं ती आता म्हणेल, एवढंसं पोर नि सिगारेट ओढतो, चल खोली खाली कर. ती पुन्हा जवळा निवडायला लागली. बारीक खडे आणि शंख बोटांनी बाजूला. 

"शपथ घातली त्या ठेकेदारानं. त्वांड तुझा, आय तुझी. त्याचा काय गेला?" ती म्हणाली. "बरं. मोरली त मोरली. सोरवलीस का न्हाय?"

"म्हणजे?"

"तुमचेकडं सोरवीत न्हायत? जिचे डोक्यावर घेतली तिना सुटली बोलाचा."

होतं की आमच्याकडं. खेळताना कुणी गळ्याची शपथ घातली तर तो स्वतः 'सुटली' म्हणेपर्यंत आम्ही जागचं हलायचो नाही. पण ते पोरखेळ. "आणि मावशी, तिला 'सुटली' म्हणायला लावायचं म्हणजे तिला सांगावं लागेल."

"मंग? न सांगता कशी सुटल?"

"मला नाही जमणार."

"तुना कोन इचारतंय," म्हणत तिनं पदराच्या गाठीतून मोबाईल काढला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, मग माझ्यापुढं धरला. "लाव. मना दिसत न्हाय."

मीच लावला. माझ्याच हातानं. घंटी वाजायला लागली तसा मी तो परत मावशीच्या हातात दिला. आईनं उचलला. मावशीनं फोन मधल्या फरशीवर ठेवला, आवाज मोठा करून.

"हालू? मालकीणबाई? माझं लेकरू बरं हाय का?"

मावशीनं मला कोपरानं ढोसलं.

"आई, मी."

पलीकडं एक श्वास. मग, "कामून रे? कामून फोन उचलंना झालास? मी काय केलं बाबा तुझं?"

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की सगळ्यात अवघड शब्द 'शपथ' नव्हता, 'सिगारेट' होता.  हायवेवरून गाड्या जात होत्या. 

"सिगारेट ओढू लागलास?" आई म्हणाली. "तुझ्या बापानं कधी सुपारी तोंडात घातली नाही."

"हो."

"शाळा सोडलीस तवा बी मला सांगितलं नाहीस. मास्तर दारात आले सांगायला. साऱ्या गावाला म्हाईत, मला नाही."

हेही खरं होतं. मी फरशीकडं बघत राहिलो.

"हे तरी तूच सांगितलंस," ती म्हणाली. आवाज फाटला होता. मग रागानं, "आणि कसली शपथ घेऊन बसलास? पल्याडच्या बाईच्या हातातलं फडकं सरकलं, पातेलं कलंडलं. तुझा धूर तिथून हितं येतो का? रेल्वेला अख्खी रात लागती यायला!"

मावशी हसली, मोठ्यानं. फोनच्या जवळ वाकून म्हणाली, "बाय, ता समदा खरा. पन तू सुटली बोल. त्याशिवाय पोरगा जेवाचा न्हाय."

"काय म्हणू?"

"सुटली! सुटली बोल! तीन येला."

"काय म्हणतेत रे त्या?"

"सुटली म्हण, आई. तीनदा."

"सुटली बाबा," आई म्हणाली. "सुटली. सुटली. माझ्या डोक्यावर आता काही नाही. तुझं तू बघ."

फोन झाल्यावर मावशीनं सूप बाजूला सारलं आणि म्हणाली, "झाला? आता आयक. पुन्यांदा शपथ घेयाची न्हाय. कनाचीच न्हाय. ओरलीस त हितं येऊन मना सांगाचा. मी काय बोलनार न्हाय." आणि आत जाऊन ताटात भात आणि जवळ्याचं कालवण घेऊन आली.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण शपथ सुटली म्हणजे सिगारेट सुटत नाही. 'तुझं तू बघ' हे आईचे शब्द मला शपथेपेक्षा जड गेले. आधी निदान काहीतरी डोक्यावर होतं. आता मी एकटाच होतो, आणि पुढं ती बरणी.

ओढली मी, पुढंही. ओढली की मावशीच्या ओटीशी जाऊन उभा राहायचो. "मावशी, आज झाली." ती वर न बघता म्हणायची, "बरं. जेवलास?" एवढंच. सुरुवातीला मला वाटायचं तिच्या लक्षातच राहत नसेल. पण मी दोन दिवस फिरकलो नाही की खोलीच्या दारात येऊन उभी राहायची. "काय रं, सांगाला काय न्हाय का?" तिच्यापुढं खोटं बोलायचं कारणच उरलं नव्हतं, कारण खऱ्याला काही शिक्षाच नव्हती. हे मला नवीन होतं.

रोज मी आईला फोन करायचो. पाय कसा आहे, पू आहे का, चालते का. आणि मग एक गंमत झाली. एका आठवड्यात गोदामात माल तुंबला, सगळ्यांची डोकी तापलेली, आणि मी बऱ्याचदा ओढली. त्याच आठवड्यात आईचा पाय कोरडा पडला. "खपली धरली रे," ती म्हणाली, "डॉक्टर म्हणले आता भरला." मी खुश होऊन मावशीकडं पळालो, आणि पायरीवर पोचेपर्यंत मला भलतंच सुचलं.

"मावशी, आईचा पाय बरा झाला."

"बरा झाला."

"पण मी तर ओढत होतो."

"मंग?"

"मग आता कशासाठी सोडू?"

मी चेष्टेत नव्हतो. शपथ नव्हती, पाय बरा होता, मावशी काही बोलत नव्हती. मला अडवायला जगात कुणीच उरलं नव्हतं. तिनं माझ्याकडं बारीक डोळ्यांनी बघितलं.

"मना सांग. खोलीवर एकटा असलास की ओरतस?"

"नाही."

"कवाच?"

"नाही. एकट्यानं नाही."

"मंग तुना सिगरेटचा नाद न्हाय, मेल्या. तुना घोलक्याचा नाद हाय." आणि वालाच्या शेंगांची टोपली माझ्याकडं सरकवली. "सुटलास कामावरशी की टपरीवर जायाचा न्हाय. हितं बसाचा. सोल."

घोळक्याचा नाद. मला राग आला. कारण मोठा झालेला माणूस जसा लहानपणच्या फोटोत स्वतःला ओळखतो, तसं मी स्वतःला ओळखलं त्यात. पण शेंगा सोलायला बसलो.

त्यानंतर मधल्या वेळेला मी बाहेर गेलो नाही. "चलो, बिडीवाले!" झालं की जीभ कोरडी पडायची. डोकं दुखायचं, कुणी साधं बोललं तरी चिडायला व्हायचं. मावशीनं दिलेलं आमसूल तोंडात धरायचो. पण खरं दुखणं ते नव्हतं. खरं दुखणं म्हणजे ती शांतता. पट्टा थांबलेला, वर पत्र्याखाली कबुतरं, आणि भिंतीपलीकडं चौघांचं हसणं. पहिल्या दिवशी त्यातला एक आत डोकावला.

"हौ भाई, आज नहीं?"

"नक्को."

"अरे, बच्चा सुधर गया!"

दुसऱ्या दिवशीही डोकावला. तिसऱ्या दिवशी नाही. मी वाट बघत होतो, हे सांगायला लाज कसली? मला वाटलं होतं, सिगारेट गेली तरी माणसं राहतील, निदान एखादं. भांडण झालं नाही, कुणी तोडून बोललं नाही. दिसलो की अजून 'हौ' म्हणतात, हात वर करतात. पण ती माणसं त्या फिरणाऱ्या सिगारेटभोवती होती, माझ्याभोवती नव्हती. निळा लायटर बरणीतच राहिला. नंतर कुणीतरी नेला असेल.

संध्याकाळी मी ओटीवर बसायचो. कधी वाल, कधी तांदूळ निवडणं. मावशी फार बोलते असं नाही. मुलं ठाण्याला मोठ्या बिल्डिंगीत राहतात, सणाला येतात. एकदा गोदामाकडं हात करून म्हणाली, "तू जितं खोकी फेकतस ना, तितं आमचा शेत व्हता. भात काढला की वाल." दुसरं काही बोलली नाही. जमिनीचे पैसे आले, घर झालं, खोल्या झाल्या. तेव्हा मला कळलं की मी एकटाच तिच्याकडं येऊन बसत नव्हतो. तीही माझ्यापाशी येऊन बसत होती.

किती दिवसांनी सुटली ते मी मोजलं नाही. एकदा तिनंच विचारलं, "काय रं, लय दिस झालं, काय सांगाला आला न्हायस?" मी आठवून बघितलं, तर सांगण्यासारखं काही नव्हतं. "बरं," ती म्हणाली, नेहमीसारखंच. "जेवलास?"

अजून मी त्याच गोदामात आहे. अजून मधली वेळ मी आतच काढतो. कधी नवीन पोरगं त्या हाकेबरोबर उठताना दिसलं की मी त्याला म्हणतो, "बैठ इधर, पानी पी." काही बसतात, बहुतेक जातात. मी शपथ घालत नाही कुणाला. तुझं तुला वाटलं तर येऊन सांग, म्हणतो. एक-दोघं येतात सांगायला. मी विचारतो, खाना खाया?

मावशीला हल्ली तांदळातले खडे दिसत नाहीत. माझ्याकडून दोनदा निवडून घेते आणि म्हणते उजेड कमी आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. मुलं म्हणतात ठाण्याला ये, करून टाकू. ती म्हणते, उद्या. तिला सुईची भीती वाटते, डोळ्यावर पट्टी बांधून अंधारात पडायची त्याहून जास्त. हे तिनं मुलांना सांगितलेलं नाही. मला सांगितलं, वाल सोलता सोलता, आणि मी काही बोललो नाही. "बरं" म्हणालो.

पण मी ठरवलंय. ती ज्या दिवशी 'हो' म्हणेल, त्या दिवशी मी कामावर खाडा करीन. तिच्याबरोबर गाडीत बसीन, दवाखान्यात आत सोडतील तिथपर्यंत हात धरून जाईन, आणि पट्टी निघेपर्यंत तिच्या उशाशी बसून राहीन, म्हणजे डोळा बांधलेला असताना तिनं हाक मारली तर ओ द्यायला कुणीतरी असेल. तिनं माझं केलं त्याची फेड एवढ्यानं होत नाही, मला माहीत आहे. सुरुवात मात्र तिथून करीन.